“आठ तास सांगून दोन तासांत बंद” या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या सासूबाई आता घरी आल्यात हे तुमच्या रिव्ह्यूतच वाचलं, बरं वाटलं. त्या रात्री तुमची काय धावपळ झाली असेल याची कल्पना आहे. तुमच्या तक्रारी तीन: आठ तास सांगितलेला इन्व्हर्टर दोन तासांत बंद पडला, बॅटरी जुनी दिली, रात्री फोन उचलला नाही. पैसे परत मागितलेत. हे इतर लोकही वाचतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आठ तास हा आकडा कंपनीच्या पत्रकावरचा आहे, दोन पंखे आणि तीन-चार एलईडी दिव्यांसाठी. म्हणजे पावणेदोनशे वॉटच्या आसपास. मिनिटाला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून पेशंटला देणारं मशीन) एकटाच साडेतीनशे वॉट खातो. लोड दुप्पट झाला की वेळ निम्म्याहूनही कमी होतो, कारण बॅटरीवरचा 150 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज मावते त्याचं माप) हा आकडा बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरच खरा. भराभर ओढली तर ती तेवढी देत नाही. म्हणून तुमच्या बिलावर हाताने लिहिलंय: “कॉन्सन्ट्रेटरवर 3 तास, दुसरा लोड नको.” आणि मशीनचा फ्लो (मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन येतो तो) कमी केला म्हणून वीज फारशी वाचत नाही, आतला कॉम्प्रेसर चालतोच. फ्लो डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचाही नाही.

आमचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन गेला, तेव्हा इन्व्हर्टरच्या लाइनवर फ्रिज आणि हॉलचा टीव्ही सापडला. आम्ही बसवून गेलो तेव्हा ते नव्हते. दुसरी गोष्ट, तो गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात. तुमच्याकडे दिवसभर लाइट नव्हती आणि मशीन बॅटरीवर चालवलंत. संध्याकाळी लाइट आली, रात्री वळवाच्या पावसात पुन्हा गेली. रिकामी झालेली बॅटरी पूर्ण चार्ज व्हायला दहा-बारा तास लागतात. एवढ्यावर दोन तास चालली, तेही पुष्कळ म्हणायचं.

बॅटरी जुनी नाही. सहाही सेलची ग्रॅव्हिटी (आतल्या ॲसिडची घनता) सारखी आली, तुमच्यासमोरच मोजली. बनवल्याचा महिना वॉरंटी कार्डावर आहे. आणि तुम्ही आधी स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह (खडबडीत वीज देणारा) इन्व्हर्टर मागितला होतात, तो मी दिला नव्हता. पंखा त्यावर घूं घूं करत का होईना फिरतो. पेशंटच्या मशीनला प्युअर साइन वेव्हच (घरच्या लाइनसारखी सलग वीज देणारा) लावायचा, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

फोनचं म्हणाल तर दुकान रात्री नऊला बंद होतं, कार्डावर तसं छापलंय. रात्री दोनला फोन उचलला असता तरी मी रिकामी बॅटरी भरू शकलो नसतो. अशा वेळी 108 ला फोन करायचा. तुम्ही तो केलात, योग्य केलंत.

आता मुख्य मुद्दा. घरी ऑक्सिजनवरचा पेशंट असेल तर इन्व्हर्टरच्या भरवशावर रात्र काढायची नाही. हे विकताना सांगितलं होतं, पुन्हा सांगतो. शेजारी भरलेला बी-टाइप सिलिंडर हवा. त्यात सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो. तुम्ही लिहिलेल्या दोन लिटरच्या फ्लोवर बारा तास निघतात. रेग्युलेटर आधीच बसवून ठेवा, चावी सिलिंडरच्या गळ्यालाच बांधा (अंधारात चावी शोधणारी घरं मी पाहिली आहेत), आणि जवळ मेणबत्ती, निरांजन काही नको. सोसायटीच्या जनरेटरवर विसंबू नका. बहुतेक ठिकाणी तो लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापुरताच असतो, एकदा सेक्रेटरींना विचारून घ्या.

दुसरी बॅटरी जोडून द्या, असंही तुम्ही लिहिलंय. तुमचा इन्व्हर्टर 12 व्होल्टचा, एका बॅटरीचा आहे. दोन बॅटऱ्यांसाठी 24 व्होल्टचा वेगळा घ्यावा लागेल. माझा धंदा होईल, पण त्याआधी सिलिंडर घ्या. तो आम्ही विकत नाही.

पैसे परत देता येणार नाहीत, माल चांगला आहे. फ्रिज आणि टीव्हीची लाइन वेगळी करायला माणूस पाठवतो, त्याचे पैसे घेणार नाही. फक्त गुरुवार सोडून कुठलाही दिवस कळवा. काम करताना लाइट असलेली बरी.

— दुकानमालक