‘बायपोलरच्या गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा’: एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

बायपोलर आजारावरचे (ज्यात मूड कधी उन्मादाकडे, म्हणजे अवाजवी उत्साहाकडे, तर कधी नैराश्याकडे झुकतो) सारे संशोधन औषध कंपन्यांनी विक्रीसाठी घडवून आणलेले आहे, त्यावरच्या लिथियम या औषधाने किडनी निकामी होते आणि बरे वाटू लागले की गोळ्या बंद कराव्यात, अशा अर्थाचा मजकूर मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो.

पहिला दावा लिथियमला तर मुळीच लागू पडत नाही. ते निसर्गात सापडणारे मूलद्रव्य असून त्याच्या साध्या क्षाराचे पेटंट कोणाकडेही नाही. १९४९ मध्ये उन्मादावरचा त्याचा परिणाम प्रथम मांडणारे जॉन केड हे ऑस्ट्रेलियातील एका सरकारी मनोरुग्णालयाचे डॉक्टर होते. नव्या, पेटंट असलेल्या औषधांच्या बहुतेक चाचण्यांमागे कंपन्यांचा पैसा असतो, हे खरेच आहे आणि तेथे शंका घेणे रास्तही आहे. परंतु अमेरिकेत सरकारी निधीतून झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६६ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष विक्री वाढवणारा नव्हता. मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या जोडीला नैराश्यावरची गोळी घेणाऱ्यांपैकी २३.५ टक्के, तर दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २७.३ टक्के रुग्ण टिकाऊ स्वरूपात सावरले.

बरे वाटताच गोळ्या थांबवण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण नेमका हाच प्रश्न डेन्मार्कमधील मानसोपचारतज्ज्ञ बास्ट्रुप आणि स्काउ यांनी १९७० मध्ये तपासला होता. लिथियमवर किमान वर्षभर स्थिर असलेल्या ८४ स्त्रियांपैकी ३९ जणींना, त्यांना वा त्यांच्या डॉक्टरांना कळू न देता, निव्वळ दिखाऊ गोळ्या देण्यात आल्या. पाच महिन्यांत त्यांपैकी २१ जणींचा आजार उलटला. लिथियम चालू राहिलेल्या ४५ जणींपैकी एकीचाही नाही. ‘आता मी ठणठणीत आहे’ असे वाटणे बहुधा गोळीमुळेच शक्य झालेले असते, आणि कधीकधी तर ते चढत्या उन्मादाचे पहिले लक्षणही असते.

किडनीचा मुद्दा मात्र निव्वळ थाप नाही. दीर्घकाळच्या वापराने काहींच्या किडनीचे कार्य मंदावते, थायरॉइडही बिघडू शकते. म्हणूनच क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि रक्तातील लिथियमची पातळी ठरावीक काळाने तपासतात. रात्री नऊला गोळी घेतली असेल, तर पातळीसाठी रक्त सकाळी नऊच्या सुमारास द्यायचे आणि सकाळचा डोस असल्यास तो त्यानंतरच घ्यायचा, कारण शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी मोजलेली पातळीच ग्राह्य धरतात. ती साधारण ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटरमध्ये राखतात, १.५ च्या वर विषबाधेचा धोका वाढतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकलच्या गर्दीत घामाघूम होऊन पाणी कमी पडले, जुलाब लागले किंवा अंगदुखीसाठी परस्पर आयबुप्रोफेन घेतले, तरी पातळी चढते. हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तातडीने रुग्णालय गाठायला हवे. हे सारे त्या संदेशात कुठेच नसते.