डाळिंब्या शिजायच्या आधी आमसुलं टाकणाऱ्यांनो, हात आवरा!

पंचवीस माणसांची उसळ. सव्वा किलो कडवे वाल, भिजवलेले, मोड आणलेले, एकेक करून सोललेले, म्हणजेच डाळिंब्या. फोडणीवर डाळिंब्या परतल्या, झाकणावर पाणी ठेवलं, पहिली वाफ आली. तेवढ्यात कुणीतरी झाकण उचललं आणि मूठभर आमसुलं नि गुळाचा भलाथोरला खडा आत टाकून मोकळं झालं. कारण काय, तर "चव आत मुरायला हवी". अहो काकू, मुरायला आधी ती डाळिंबी शिजायला हवी ना!

झालं. पाऊण तास उलटला तरी डाळिंबी दाताखाली कचकच. बाहेर पानं मांडलेली, मीठ-लिंबू वाढून झालेलं, आणि स्वयंपाकघरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "अजून नाही का शिजली?" नाही शिजली. शिजणारच नव्हती. आंबट पडलं की कडधान्य शिजायचं थांबतं, हे आपल्या आज्यांना तोंडपाठ होतं. दाण्यातल्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. उकळत्या पाण्यात ते पेक्टिन विरघळतं तेव्हा दाणा मऊ होतो, आणि आंबट पाण्यात ते विरघळायला तयार नसतं. गुळात वर कॅल्शियम असतं, ते पेक्टिनला आणखी घट्ट बांधून ठेवतं. दोन्ही एकदम टाकले म्हणजे डाळिंबीला कुलूप घालून किल्ली फेकून दिली.

त्यावर एक भाचेबुवा म्हणाले, अमेरिकेत बेक्ड बीन्स गुळासारख्या मोलॅसिसमध्येच शिजवतात. शिजवतात ना! पण बोस्टनच्या त्या बीन्स आधी उकळून घेतात आणि मग सहा-सात तास मंद भट्टीत ठेवतात. इतका वेळ राहूनही त्यांचा लगदा होऊ नये, म्हणून तर मोलॅसिस उपयोगी पडतं. आपल्या सोललेल्या डाळिंबीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तिला कुठे सात तास भट्टीत बसायचंय? अर्धी माहिती घेऊन भरल्या पातेल्यापाशी येऊ नका.

आणि आमसुलं पडलीच, तर लगेच काय करायचं तेही कुणाला सुचत नाही. सगळे भोवती उभे राहून वाकून बघतात. अरे, आधी आमसुलं वेचून बाहेर काढा. गुळाचा खडा विरघळायच्या आत उचला. आंबट रस निथळून वाटीत बाजूला ठेवा, शेवटी परत घालता येतो. डाळिंब्यांवर दुसरं उकळतं पाणी ओता आणि मंद आचेवर झाकून ठेवा. वेळ जास्त लागेल, पण शिजतील. इथे मात्र तोवर कुणाच्या तरी हातात सोड्याची डबी आलेली असते! सोड्याने डाळिंबी शिजत नाही, विरघळते. वरून पीठ, आत कणी, चव साबणासारखी, आणि ब१ जीवनसत्त्वही जातं. इतकी मेहनत चमचाभर पांढऱ्या पुडीत घालवायची, आणि वर म्हणायचं, "बघ, झाली की नाही मऊ."

बिचाऱ्या मिठाला मात्र उगाच आरोपी केलंय. मिठाने कडधान्य कडक होत नाही. सुरुवातीला घातलं तरी चालतं, भिजवतानाच्या पाण्यात घातलं तर उलट फायदाच होतो. आडवं येतं ते आंबट, गूळ आणि बोअरचं जड पाणी. ज्या सोसायटीत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी आहे, तिथे भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी घ्या. साधी गोष्ट आहे.

दुसरी खोड म्हणजे ढवळणं. येता-जाता प्रत्येकाला डाव फिरवायचाच असतो. डाळिंबीची दोन दलं आता साल नसल्यामुळे नुसती एकमेकांना टेकून असतात, डाव लागला की सुटली. लंगडी, म्हणजे ते पसरट पातेलं, दोन्ही कानांना धरून हलक्या हाताने झोकायची, फार तर उलथन्याचं मागचं टोक कडेने आत सारायचं. पाणी कमी पडलं तर झाकणावरचं गरम पाणीच घालायचं, त्यासाठीच ते तिथे ठेवलेलं असतं. नळाचं गार पाणी तांब्याने ओतलं की उकळी मोडते आणि दाणे मागे-पुढे शिजतात. आणि एवढ्या डाळिंब्यांना उंच पातेलं कशाला घेता? वरच्यांच्या ओझ्याने खालच्यांचा लगदा होतो आणि वरच्या कच्च्याच राहतात. पसरट लंगडी घ्या, थर चार बोटांच्या वर जाऊ देऊ नका. नसेल मोठी लंगडी, तर दोन घाण्यांत करा. कुकरचं नावही काढू नका.

सोलायच्या नावाने तर सगळेच गायब. केळवण असो, डोहाळजेवण असो, मंगळागौर असो, "डाळिंब्या करा हं" हे फोनवर सांगणारे डझनभर, सोलायला बसणारी एक. जे बसतात त्यांनाही दाणा मधोमध दाबून चिरडायचीच सवय. मोड आलेले वाल दहा मिनिटं कोमट पाण्यात टाका, साल सैल होतं. मग मोडाच्या विरुद्ध टोकाला चिमटीत धरून हलकं दाबा. मोडापाशी साल फाटलेलंच असतं, तिथून डाळिंबी अख्खी सुळकन बाहेर येते. जोर लावायचा नाही. मोड अर्ध्या सेंटिमीटरचा असला की बस, लांबला तर सोलताना तुटतो. आणि "सालासकट करा, फायबर असतं" म्हणणाऱ्यांनी त्या सालाचा कडूपणा एकदा चाखून बघावा. भिजवलेलं पाणीसुद्धा टाकून द्यायचं असतं, आमटीत घालायचं नसतं.

रविवारी दुपारचं जेवण असेल तर शुक्रवारी सकाळी वाल भिजत पडायला हवेत. रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, शनिवारी रात्री सोलायचे. थंडीत गुरुवारीच सुरुवात. हे सगळं सांगूनही शनिवारी संध्याकाळी फोन येतो, "आम्ही अजून सहाजण येतोय, वाढव की जरा." कुठून वाढवू? वाल काय ऐन वेळी मोड आणतात? मग वाटेत कुणीतरी सोललेल्या डाळिंब्यांची तयार पिशवी घेतं, पाण्यात बुडालेली, बुळबुळीत, आंबूस वास येणारी. सोललेल्या डाळिंब्या पाण्यात ठेवायच्याच नसतात. निथळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या तर दुसऱ्या दिवसापर्यंत छान राहतात. हे विकणाऱ्याला कळत नाही?

वाण्याचं तर काय बोलावं. कडवे वाल मागितले की गोडे वाल पुढे करतो, "एकच असतं हो." एकच नसतं! रायगड-रत्नागिरीकडे भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर होणारा तो बारका वाल वेगळा, त्याची चव वेगळी. नवा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. गोदामात वर्ष काढलेला जुना माल गळ्यात मारला, की निम्मे दाणे गणंग, भिजतच नाहीत. कार्याच्या आठवडाभर आधी मूठभर भिजवून बघा, आणि भिजल्यावर टणक राहिलेले दाणे वेचून टाका. एक गणंग पंगतीत पाहुण्याच्या दाढेखाली आला की नाव कुणाचं जातं?

आता नीट वाचा आणि फ्रिजवर चिकटवा. वीस जणांना किलोभर वाल. पाऊण वाटी तेल, मोहरी, चमचाभर हिंग, दीड चमचा हळद, भरपूर कढीपत्ता, तीन चमचे तिखट. त्यावर डाळिंब्या परतायच्या, बुडतील न बुडतील इतकं उकळतं पाणी, मीठ, झाकण. एक डाळिंबी काढून दोन बोटांत दाबून बघा. अख्खी राहून सहज दबली, आत कणी लागली नाही, की मग, आणि मगच, बारा-पंधरा आमसुलं, शंभर ग्रॅम गूळ, चार चमचे गोडा मसाला, एका नारळाचं ओलं खोबरं नि दोन चमचे जिऱ्याचं वाटण. पाच मिनिटं मंद उकळी, बंद. सीकेपी पद्धतीचं कांदा-लसणाचं बिरडं करत असाल तर नारळाचं दूध अगदी शेवटी, आणि ते घातल्यावर खळखळा उकळायचं नाही, फाटतं. कांदा-लसूण खरा की गूळ-आमसूल खरं, हा वाद जेवणं झाल्यावर घाला. दोन्ही उत्तम लागतात, आणि दोन्हींत आंबट शेवटीच पडतं.

आणि मुरण्याचीच हौस असेल तर गॅस बंद करून अर्धा तास झाकून ठेवा. तेवढ्यात आमसुलाचा रस आपोआप आत जातो. त्या अर्ध्या तासात झाकण उचलून बघायचं नाही, ढवळायचं नाही, "जरा मीठ बघू का" म्हणून डाव घालायचा नाही. फारच हात शिवशिवत असतील तर कोथिंबीर निवडा, जुडी ओट्यावर पडलेली आहे.