लाल ते सगळं रक्त

हिमोग्लोबिन कमी निघालं की गोळ्या डॉक्टर देतात आणि बीट बाकी सगळे. माझं कमी निघालं आणि सासूबाई त्याच संध्याकाळी मंडईतून पिशवीभर बीट घेऊन आल्या. त्यांचं शास्त्र सरळ आहे. बीट लाल, रक्त लाल, मग प्रश्न कुठे येतो? या हिशोबानं कुंकवाचाही काढा घ्यायला हवा.

मी म्हटलं, "अहो आई, शंभर ग्रॅम बीटमध्ये लोह धड एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. तो रंग वेगळ्याच द्रव्याचा. लोहच हवं तर अळीव कितीतरी पुढे आहे."

"बरं, मग अळिवाचे लाडूही करते," त्या म्हणाल्या. बीट जागचं हललं नाही. त्यात फोलेट भरपूर असतं आणि रक्तपेशी तयार व्हायला ते लागतंच, म्हणजे सासूबाई निम्म्या तरी बरोबर. हे त्यांच्या कानावर जाऊ नये, एवढीच इच्छा.

चवीचं काय सांगू? गोड म्हणून घास घ्यावा तर मागून मातीचा वास येतो. तो जिऑस्मिनचा. पहिल्या पावसात मातीला येतो ना, तोच. खिडकीत उभं राहून घ्यायचा वास कुणी ताटात वाढतं का? त्यातल्या त्यात कोशिंबीर बरी: उकडून किसलेलं बीट, दही, दाण्याचं कूट, वर हिंग-मिरचीची चुरचुरीत फोडणी. फक्त ती ताटात स्वस्थ बसत नाही. आधी दही गुलाबी, मग भाताची कड, मग वरण, आणि शेवटी नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाची बाही. किसणीची नखं धुऊन निघतात, माझी नाही. ऑफिसात दोघींनी विचारलं, "लग्नाला गेली होतीस का गं?"

एका सकाळी नवरा बाथरूममधून पांढराफटक होऊन बाहेर आला. आवाज खोल गेलेला. काही जणांच्या लघवीतून बीटचा रंग तसाच उतरतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे मी सांगेपर्यंत त्यानं विम्याची फाइल काढलीसुद्धा होती. सुटका मात्र झाली नाही. बीटमधल्या नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो. हे खरं आहे, आणि नेमकं हेच सासूबाईंनी कुठूनसं ऐकलं. नवऱ्याचा रक्तदाब जरा वरच असतो. आता रोज रसाचे दोन पेले भरतात.

शेजारच्या काकांना मुतखड्याचा त्रास आहे. बीटमध्ये ऑक्झलेट असतं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना ते वर्ज्य केलंय. नशीब लागतं हो एकेकाला.