देवगडच्या दादांच्या कमेंटला उत्तर : खोटी आशा आणि खरी तपासणी

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. मागच्या लेखात मी लिहिलेलं की डोळे उघडे ठेवून नुसता पडून असलेला पेशंट आतून जागा असू शकतो, त्यावर तुम्ही म्हणालात, "लोकांना खोटी आशा लावू नका, भावासाठी आम्ही कलमांची बाग गहाण टाकली, हाताला काही लागलं नाही, त्याला काहीच कळत नव्हतं, आणि ती मेंदूची मशीनं देवगडात कोण आणून देणार?" बागेबद्दल मी काय बोलणार, ते तुम्ही भोगलंय. पण "काहीच कळत नव्हतं" हे इतक्या खात्रीने कुणालाच म्हणता येत नाही हो, डॉक्टरांनाही नाही.

२००६ साली मेंदूचे संशोधक एड्रियन ओवेन यांच्या टीमने अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २३ वर्षांच्या एका बाईला स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळतेयस असं मनात आण, आणि तिच्या मेंदूचा तोच भाग जागा झाला जो धडधाकट माणसाचा होतो. २०२४ मध्ये मोठा अभ्यास आला, सांगितलेलं काहीही न करणारे २४१ पेशंट, त्यातल्या ६० जणांचा मेंदू स्कॅन नाहीतर ईईजीवर (डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी टिपतात ती तपासणी) सूचना पाळताना दिसला. म्हणजे चारातला एक. आणि त्याच अभ्यासात जे ११२ जण सांगितलेलं खरोखर करून दाखवत होते, त्यांच्यातही मशीनवर फक्त ४३ जणांचंच दिसलं! म्हणजे मशीनने नाही म्हटलं तरी तो शेवटचा शब्द नाही.

आता तुमचा देवगडचा मुद्दा. २००९ च्या एका अभ्यासात डॉक्टरांनी एकमताने 'व्हेजिटेटिव्ह', म्हणजे डोळे उघडे पण जाणीव नाही, असं ठरवलेल्या ४४ पेशंटमध्ये १८ जणांत जाणिवेच्या खुणा सापडल्या, आणि त्या मशीनने नाही, तर ठरलेल्या पद्धतीने कॉटजवळ परत परत तपासून. त्यात एक साधन असतं आरसा. इतर वस्तूकडे न वळणारी नजर कधीकधी स्वतःच्या चेहऱ्यामागे जाते.

माझा आतेभाऊ कुडाळचा, हायवेवर बाईक घसरली, गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, घरी आणला तेव्हा नाकात नळी, त्यातून पेज. आत्या पहिल्या दिवसापासून सांगायची, "तो माका वळाखता." तिने कौलही लावला, उजवा आला. वहिनीचा मात्र कशावरच विश्वास बसेना, कारण फिजिओने तिला सांगितलेलं की तळहातात बोट दिलं की मूठ आवळली जाते ती आपोआपही, जांभई, डोळ्यातलं पाणी तसंच. म्हणून ती "धर" म्हणायचीच नाही, "सोड" म्हणायची. सकाळी अंग पुसून, उशा लावून बसतं करून, टीव्ही बंद, मग आरसा हळूहळू डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. मग एकच सूचना, थांबायचं, परत तीच. आणि वहीत वेळ लिहून हो किंवा नाही. पानंच्या पानं नाही, नाही. मग नजर फिरली, दुसऱ्या दिवशी परत नाही, मग बहुतेक सकाळी फिरायला लागली, ती वही बघून डॉक्टरांनी त्याला नव्याने तपासलं आणि थेरपी वाढवली. तो अजून बोलत नाही, पण आत्याच्या आशेला जे जमलं नसतं ते वहिनीच्या संशयाने केलं असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यांचं असं होत नाही हे मीही लिहायलाच हवं. डोक्याला मार लागलेल्यांच्या मानाने हृदय बंद पडून किंवा बुडून मेंदूचा ऑक्सिजन तुटलेल्यांची सुधारणा कमी होते. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या २०१८ च्या मार्गदर्शनात जाणीव न परतता अशांचे ३ महिने आणि मार लागलेल्यांचे १२ महिने गेले तर ती अवस्था दीर्घकाळची धरलीय, त्यानंतरही काही मोजके सुधारतात, पण बहुतेकांना जन्मभर सांभाळावं लागतं. उपचार थांबवायचा रस्ताही आपल्याकडे आहे, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये तो मान्य केला, २०२३ मध्ये सोपा केला. तो रस्ता घेणाऱ्या घराला मी कधीच दोष देणार नाही, फक्त त्याआधी नीट तपासणी झालेली असावी, एका राऊंडला टॉर्च मारून झालेली नव्हे.

तुमच्या भावाला कळत होतं का, हे आता मी किंवा कुणीच सांगू शकत नाही. पण तुमच्या वाडीत आज कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर मला जरूर कळवा, वहिनीने वही कशी आखलेली त्याचा फोटो तिला विचारून पाठवते.