सांगलीचे नाटक सरकारी पैशाविना जन्मले काय? एक खुलासा

नाट्यपंढरी सांगलीत नाटक जन्मले ते सरकारी पैशाविना, तेव्हा मंदीत कलेचे अनुदान आधी थांबवावे, असा मजकूर सध्या मोबाइलवरून फिरत आहे. त्याचा पायाच चुकीचा आहे. मराठी नाटकाचा आरंभ मानला जाणारा विष्णुदास भावे यांचा 1843 चा नाट्यप्रयोग सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेने व आश्रयाने झाला. 1851 साली आप्पासाहेब निवर्तले, आश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन दौऱ्यावर निघावे लागले. तिकिटाचे नाटक आले ते या अडचणीतून. (मजकूर लिहिणाऱ्याने इतिहास बहुधा इथूनच वाचायला घेतला असावा.)

मंदीचा दाखलाही उलटाच आहे. महामंदीत, 1935 साली, अमेरिकेच्या सरकारने बेकार नाट्यकर्मींना पगारावर घेतले, कारण तेही कामगारच होते. विट्याच्या तमाशाफडाकडे पाहिले तरी हे उमगते : ढोलकीवाला, वगातले नट, तंबू ठोकणारे, ट्रकचालक, स्वयंपाकी या सर्वांची चूल हंगामातल्या सुपाऱ्यांवर पेटते आणि हात आखडला की गावची यात्रा कमिटी पहिली कात्री सुपारीलाच लावते. अनुदानाच्या वाटपाबद्दल कोणाची तक्रार असल्यास ती जरूर मांडावी. पण तो प्रश्न वाटपाचा आहे, अनुदान असावे की नसावे याचा नव्हे.