भिंतीला तोंड फुटले तेव्हा

भिंतींना कान असतात हे लहानपणापासून ऐकत आल्यामुळे त्यांच्यासमोर जपून बोलण्याची सवय आपल्याला लागलेली असते. परंतु भिंतच बोलू लागली तर काय करावे, हे मात्र कोणी शिकवलेले नसते. आमच्या झोपण्याच्या खोलीची भिंत रात्री बोलू लागली. आधी एक घोगरा हुंकार यायचा, मग ‘ठक्... ठक्... ठकठकठक’ अशी चढत जाणारी लय, आणि मग आपण काही बोललोच नाही अशा थाटातली शांतता. गाढ झोपलेल्याला हा प्रकार ऐकू जात नसे आणि ज्याला ऐकू जाई त्याला नंतर झोप लागत नसे. त्यामुळे घरात ‘आवाज येतो’ आणि ‘तुम्हाला भास होतो’ असे दोन पक्ष तयार झाले. दुसऱ्या पक्षाचे नेतृत्व आमच्या चिरंजीवांकडे होते. ते ज्या प्रकारे झोपतात ते पाहता, अख्खी भिंत अंगावर पडली असती तरी त्यांनी ती पांघरूण समजून ओढून घेतली असती.

आईने पहिल्याच दिवशी निदान केले, की हे उंदीर आहेत. घरात काहीही सापडेनासे झाले, कुरतडले गेले किंवा वाजले की तिचे निदान ठरलेले असते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते, हे खरे आहे. पण उंदीर कुरतडतो, खुडबुडतो, इकडून तिकडे पळतो. एकाच जागी उभा राहून तो लयीत ठोके देत नाही. हे मी आईला समजावून सांगितले. त्यावर ती म्हणाली, ‘‘तुला काय माहीत? मोठा असेल.’’

त्यानंतर तज्ज्ञ आले. ज्याचा जो धंदा, त्याला भिंतीत तेच ऐकू येते, हे मला त्या काळात नीट उमगले. कीटकनाशक फवारणाऱ्या गृहस्थांनी भिंतीला कान न लावताच ‘वाळवी’ म्हणून टाकले आणि पुराव्यादाखल सांगितले, की वारुळाला धोका जाणवला की सैनिक वाळव्या डोके आपटून इतरांना इशारा देतात. माहिती अगदी खरी होती. मात्र तो आवाज वाळलेली पाने सळसळावीत इतका हलका असतो, आणि आमच्याकडचे ठोके ऐकता त्या वाळवीचे डोके निदान नारळाएवढे असायला हवे होते. इलेक्ट्रिशियनने वायरिंगवर संशय घेतला. विजेचा प्रवाह सेकंदाला 50 वेळा पूर्ण आवर्तन घेतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरसारख्या उपकरणाचा गाभा सेकंदाला 100 वेळा कंप पावतो आणि त्यातून ती ओळखीची घुमणारी गुणगुण येते. म्हणजे वीज गुणगुणते, पण ठोकत नाही. शिवाय ती दर वेळी त्याच लयीत चढत जाऊन थांबणे तर अजिबात शक्य नाही. बांधकामवाल्यांना कारणाशी कर्तव्यच नव्हते. ‘‘फोडून बघू,’’ एवढेच ते म्हणाले आणि भिंतीवर पेन्सिलने एक भलामोठा चौकोन काढून गेले. तो चौकोन नंतर पुष्कळ दिवस आमच्याकडे रोखून पाहत होता.

निदान कुठे फोडायचे ते तरी नक्की करावे, या हेतूने मी आवाजाची जागा शोधायला घेतली. आवाज झाला की उठायचे, अंधारात भिंतीपर्यंत जायचे आणि कान टेकवायचा. तोपर्यंत आवाज संपलेला असे, आणि मध्यरात्री भिंतीला गाल लावून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पत्नी ज्या नजरेने पाहत असे, तिचे वर्णन न करणेच बरे. ‘‘अहो, ती काही सांगते आहे का?’’ असे तिने एकदा विचारले. चेष्टा आणि काळजी यांचे प्रमाण तिच्या स्वरात तेव्हा साधारण सारखे होते. 1816 मध्ये रने लाएनेक या फ्रेंच वैद्याला रुग्ण तरुणीच्या छातीला कान लावण्याचा संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची सुरळी करून ती छातीला लावली आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप आला. मीही वर्तमानपत्राची सुरळी करून पाहिली. संकोच कमी झाला नाही. उलट आता मी भिंतीच्या कानात काहीतरी सांगतो आहे असे दिसू लागले.

जागा मात्र सापडेना. एकदा आवाज कपाटामागून येई, एकदा खिडकीखालून, तर एकदा थेट उशीतून. याचे कारण पुढे वाचनात आले आणि माझ्या कानांवरचा माझा राग निवळला. आवाज कुठून आला हे आपण ओळखतो, ते प्रामुख्याने तो एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोहोचतो म्हणून. हे अंतर फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांशाइतके असते आणि तेवढ्यावर मेंदू दिशा ठरवतो. हा हिशेब हवेसाठी आहे, जिथे आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. काँक्रीटमध्ये तो सेकंदाला 3000 मीटरहून अधिक वेगाने धावतो आणि लोखंडी पाइपमधून त्याहूनही वेगाने. म्हणून ठोका एका कोपऱ्यात पडला, तरी आपल्याला जाणवण्याच्या आत सगळी भिंतच कंप पावू लागते. अशा भिंतीला ‘कुठे?’ विचारण्यात अर्थ नाही, कारण तिच्या दृष्टीने आवाज सगळीकडूनच येत असतो.

‘केव्हा?’ या प्रश्नाला मात्र भिंत खोटे उत्तर देऊ शकत नाही. मी उशाशी वही ठेवली. अंधारात लिहिलेली अक्षरे एकमेकांवर चढून बसत आणि सकाळी ती वाचताना मला पुन्हा संशोधन करावे लागे. तरीही त्या वहीने काही आरोपींना निर्दोष सोडले. गरम पाणी सोडल्यावर पाइप प्रसरण पावून टिकटिकतात, पण आमचा आवाज गीझर बंद असतानाही येई. ऊन ओसरल्यावर इमारत आकसते आणि कुरकुरते; पण ती कुरकुर संध्याकाळी जास्त असते, पहाटे तीन वाजता ठरल्या वेळी नव्हे. मग मी ठोक्याच्या आधी काय घडते तेही नोंदू लागलो आणि एक गोष्ट लख्ख दिसली. प्रत्येक ठोक्याच्या दोनेक मिनिटे आधी त्याच भिंतीतून पाणी धो धो खाली गेल्याचा आवाज येत होता. तो इतका रोजचा होता, की आजवर त्याकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते. वरच्या मजल्यावर कोणीतरी फ्लश ओढत होते, आणि टाकी भरत आली की आमची भिंत बोलू लागत होती.

शास्त्रीयदृष्ट्या प्रश्न सुटला होता आणि सामाजिकदृष्ट्या तो आता कुठे सुरू होत होता. वरच्या मजल्यावर एक अत्यंत आदरणीय, निवृत्त आणि मितभाषी काका राहतात. जिन्यात भेटले तर हवामानापलीकडे विषय जात नाही. अशा माणसाकडे जाऊन ‘‘आपण रात्री किती वाजता उठता, हे मला मिनिटांसकट ठाऊक आहे,’’ असे कोणत्या शब्दांत सांगायचे? मी बऱ्याच प्रस्तावना मनाशी रचल्या. पत्नीने सुचवले, की चिठ्ठी पाठवावी. परंतु ‘आपल्या रात्रीच्या फेऱ्यांविषयी थोडे बोलायचे आहे’ अशी चिठ्ठी कोणी बंद लिफाफ्यातून वर नेली असती, तर तिला वेगळाच वास आला असता. शेवटी मी प्लंबरला सोबत घेतले. अवघड गोष्ट हातात पाना असलेल्या माणसाने सांगितली की तिला तांत्रिक प्रतिष्ठा मिळते.

प्लंबरने आधी आमच्याकडेच परीक्षा घेतली. मोरीत उघड्या असलेल्या लोखंडी पाइपवर त्याने मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवले, मूठ कानापुढच्या हाडावर दाबली, डोळे मिटले आणि वरच्या काकांना फ्लश ओढायला सांगण्यासाठी मला पिटाळले. मी वर गेलो आणि कोणतीही प्रस्तावना न करता, श्वास लागलेल्या अवस्थेत म्हणालो, ‘‘काका, फ्लश ओढता का?’’ मितभाषी माणूस क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि एक शब्दही न बोलता आत गेला. परत आलो तेव्हा प्लंबर हसत होता. ‘‘साहेब, बॉलकॉक. वायसर गेलाय.’’

वर जाऊन त्याने फ्लशच्या टाकीचे झाकण काढले आणि आम्ही तिघेही आत वाकून पाहू लागलो. पाणी चढत होते, त्याबरोबर तोटी बंद करणारा बॉलकॉकचा फुगा वर येत होता, आणि तोटी जवळजवळ बंद होण्याच्या बेतात असताना तो थरथरू लागला. झिजलेल्या रबराच्या वायसरवर खोल चर पडला होता. उरलेल्या फटीतून पाणी जोरात घुसले की वायसर ओढला जाऊन तोटी एकदम बंद होई, दाब वाढला की पुन्हा उघडे, आणि पुन्हा बंद. वाहते पाणी असे अचानक अडले की त्याचा वेग दाबाच्या धक्क्यात बदलतो. निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून याचे गणित 1898 मध्ये प्रसिद्ध केले. धातूच्या पाइपमध्ये सेकंदाला अवघा 1 मीटर वेगाने जाणारे पाणी क्षणात थांबवले, तर दाब वातावरणाच्या दहा-बारा पटींनी उसळतो. इथला धक्का त्याहून पुष्कळ लहान असला तरी तो घेऊन जाणारा उभा पाइप आमच्या भिंतीत खाचेमध्ये सैल झाला होता आणि प्रत्येक धक्क्याला विटेवर आपटत होता. दिवसा इतरांचेही नळ चालू असल्याने पाइपमधला दाब कमी राही आणि आवाज गोंगाटात बुडून जाई. रात्री सगळे नळ बंद होत, दाब चढे आणि भिंतीला कंठ फुटे.

प्लंबरने वायसर बदलला आणि टाकीकडे येणारा अँगल कॉक थोडा आवळला. भिंत फोडावी लागली नाही. पेन्सिलीचा चौकोन मी खोडरबराने पुसून टाकला, तेव्हा बांधकामवाल्यांवर सूड उगवल्याचे समाधान मिळाले. आईचे म्हणणे असे, की प्लंबरच्या ठोकाठोकीला घाबरून उंदीर पळाला.

काकांना मी काय घडत होते ते सविस्तर सांगितले आणि बोलण्याच्या ओघात वहीचा उल्लेख निघून गेला. ते गंभीर झाले. ‘‘रोजच्या वेळा लिहिल्या आहेत?’’ त्यांनी विचारले. मी मान खाली घालून हो म्हणालो. त्यांनी दार लोटून घेतले, आवाज उतरवला आणि म्हणाले, ‘‘मला एक प्रत द्याल का? रात्री किती वेळा उठतो त्याची नोंद ठेवा म्हणून डॉक्टर केव्हापासून मागे लागलेत, आणि माझ्या काही लक्षात राहत नाही.’’