टेटलीचा ग्लास आणि पिनकोडवाली बिअर

परवा पुतण्यानं पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत नेलं. काका बारा वर्षं इंग्लंडात होते, त्यांना कळेल, म्हणून बोर्डावरची 'इंग्लिश बिटर', म्हणजे तिकडची कडवट बिअर, मागवली. आली ती दात शिवशिवतील इतकी गार, काठावर संत्र्याची फोड खोचलेली, वर फेस म्हणाल तर नावाला. पोरगं तोंडाकडं बघत बसलेलं म्हणून छान आहे म्हणालो. पण रात्रभर डोक्यात लीड्स फिरत राहिलं, म्हणून हे लिहितोय. लांबलंय, दारूचा विषय नको असेल त्यांनी खुशाल पुढं सरकावं.

मी इचलकरंजीचा. १९९४ च्या सप्टेंबरात लीड्स युनिव्हर्सिटीत टेक्स्टाइल शिकायला गेलो. आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, तर खऱ्या मँचेस्टरच्या शेजारी जाऊन बघावं म्हटलं, आणि पोचल्यावर कळलं की गिरण्या बंद पाडण्यात ते आपल्या लई पुढं आहेत. बिअरशी माझी ओळख म्हणजे गावाकडची परमिट रूम. दाराला पडदा, आत लाल बल्ब, कुणी ओळखीचं दिसलं की मान खाली, ६५० मिलीची बाटली आणि चखण्याला खारे शेंगदाणे. घरी जाताना बडीशेप.

आमच्या डिपार्टमेंटच्या विव्हिंग शेडमध्ये एक टेक्निशियन होता, हडर्सफील्डच्या गिरणीत वीस वर्षं काढून आलेला. तो साधं बोलायचा ते पण ओरडून, कारण मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं, आमच्याकडचे मागवाले काय वेगळं बोलतात! पहिल्या शुक्रवारी तो मला त्याच्या पबात घेऊन गेला. आत गालिचा, कोळशाची शेकोटी, एका टेबलाखाली कुत्रं झोपलेलं, कोपऱ्यात एक आजीबाई अर्धा पाइंट (पाव लिटरच्या थोडं वर) माइल्ड, म्हणजे सौम्य बिअर, घेऊन डॉमिनोज खेळत बसलेल्या. मी दारातच थांबलो. आजी बसतात तिथं दारू प्यायची ही कल्पनाच पचेना. काउंटरमागची मालकीण म्हणाली, "ऑल राइट, लव?" मी कानापर्यंत लाल. मग बघितलं तर सहा फुटी ट्रक ड्रायव्हरला पण ती लवच म्हणत होती, आणि ते ड्रायव्हर एकमेकांना पण. यॉर्कशायरमध्ये, म्हणजे लीड्सच्या भागात, तो 'काय भावा' आहे, बाकी काही नाही.

ती बिअर ओतायची पद्धत अजून डोळ्यासमोर आहे. काउंटरवर लाकडी दांडा, तो पुढं ओढायचा की तळघरातल्या पिंपातून बिअर वर येते. गॅसबिस काही नाही, नुसता मनगटाचा जोर, थेट आपला हापसाच. नळीच्या टोकाला बारीक भोकांची एक प्लॅस्टिकची टोपी असते, तिला स्पार्कलर म्हणतात. मालकीण नळी ग्लासात पार बुडापर्यंत घालायची, दोन-तीन ओढी, आणि ग्लासात नुसता दुधाळ तपकिरी ढग. मी हात पुढं केला तर तिनं हातावर चापट मारली. थांब म्हणाली. मग तो ढग खालून वर निवळत जातो, तळाला तांबूस सोनेरी रंग उतरतो, वर दोन बोटं घट्ट फेस, साय म्हणा ना. प्रत्येक घोटाला काचेवर फेसाचं एक कडं राहतं. आमचा टेक्निशियन रिकामा ग्लास उजेडात धरून कडी मोजायचा आणि सांगायचा, हा पाइंट नऊ घोटांत संपवलास, बायकांसारखा पितोस. शेजारच्या आजीनं चारात संपवलेला, तिच्याकडं बघून तो गप्प बसला.

ती होती टेटली बिटर, लीड्सच्याच टेटली ब्रुअरीची, चहावाली टेटली नव्हे. खरं सांगतो, पहिला घोट मला अजिबात आवडला नाही. गार नाही, जीभ चुरचुरत नाही, कडवट आणि मेल्यासारखी लागली. पण ती मेलेली नसतेच, उलट जिवंत असते. पिंपात यीस्ट शिल्लक असतं, तळघरात अकरा-बारा डिग्रीला ते शेवटचं आंबवणं चालूच असतं, आणि पिंप उघडलं की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबट ढोण. ताकासारखंच. शिवाय दारू जेमतेम ३.७ टक्के, त्यामुळं चार पाइंट पिऊनही माणूस आपल्या पायानं घरी जातो आणि मधल्या वेळात गप्पा होतात.

एक गोष्ट मात्र मला तीन वर्षांनी कळली. पिंपातली बिअर निवळावी म्हणून त्यात आयसिंग्लास घालायचे, म्हणजे माशाच्या पोटातला वाऱ्याचा फुगा. आपल्या कोळ्यांकडं घोळ माशाचा बोत म्हणतात, त्याच जातीतला प्रकार. मी जन्माचा शाकाहारी, अंड्याच्या केकला सुद्धा नको म्हणणारा! आईला हे आजतागायत सांगितलेलं नाही, ती फेसबुकवर नाही म्हणून इथं लिहितोय.

लीड्समध्ये टेटलीची ब्रुअरी शहराच्या मधेच, नदीच्या पलीकडं. वाऱ्याची दिशा तशी असली की सकाळी माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या बार्लीचा, वास यायचा, हुरडा भाजल्यावर येतो ना, तसा काहीसा, गोडूस. जवळच्या पबांना पिंपं पोचवायला तोपर्यंत घोडागाडी होती, हत्तीच्या पायाएवढ्या खुरांचे शायर घोडे. आणि इथंच माझा मुद्दा आहे. ही बिअर तिथली होती, कारण ती फार लांब जाऊच शकत नव्हती. घोडा जाईल तिथवर आणि पिंप टिकेल तिथवर. त्या बिअरला पिनकोड होता.

म्हणून मग भांडणं. कोल्हापूरचा रस्सा का साताऱ्याचा, असली. मी पुढं हडर्सफील्डच्या एका गिरणीत नोकरीला लागलो, तिथं रॉचडेलचा एक फोरमन होता, शेजारच्या लँकेशायरवाला. त्याची बिअर बॉडिंग्टन्स. १७७८ पासूनची मँचेस्टरची ब्रुअरी, स्ट्रेंजवेज तुरुंगाच्या जवळची. जाहिरातीत 'क्रीम ऑफ मँचेस्टर' म्हणून मिरवायचे. तो टेटलीला भांडी विसळलेलं पाणी म्हणायचा, आम्ही त्याच्या बिअरला दाढीचा साबण. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर, लंडनवाले स्पार्कलर काढून सपाट बिअर पितात ते अडाणी आहेत.

लीड्स आणि यॉर्कच्या मधे टॅडकास्टर नावाचं गाव आहे, तिथं तर भाऊबंदकी. सॅम्युअल स्मिथ आणि जॉन स्मिथ, मूळ घराणं एक, ब्रुअऱ्या शेजारीशेजारी. सॅम स्मिथवाले अजून दगडी पाटीच्या चौकोनी हौदात बिअर आंबवतात आणि त्यांच्या पबात टीव्ही नाही, गाणी नाहीत, २०१९ पासून मोबाइल पण नाही. हेकट लोक. पण बिअर स्वस्त, म्हणून विद्यार्थी तिथंच.

न्यूकासलची गंमत वेगळी. तिथं आमचा सांगलीचा एक डॉक्टर मित्र हॉस्पिटलात होता. ब्राऊन एल तिकडं बाटलीत मिळते आणि सोबत अर्ध्या पाइंटचा ग्लास, थोडी थोडी ओतून घ्यायची. टोपणनाव 'डॉग'. नवरे बायकोला सांगायचे कुत्र्याला फिरवून आणतो. १९२७ सालची ही बिअर, २००० मध्ये तिला युरोपियन युनियनचं संरक्षण मिळालं की न्यूकासलबाहेर कुणी बनवायची नाही. आपल्या हापूसच्या जीआयसारखं. मग २००५ ला कंपनीनंच शहरातली ब्रुअरी बंद करून नदीपलीकडं गेट्सहेडला उत्पादन नेलं, आणि स्वतःचंच संरक्षण स्वतःच अर्ज करून रद्द करून घ्यावं लागलं! २०१० ला ती अजून दक्षिणेला टॅडकास्टरला गेली. बाटलीवर नाव न्यूकासलच.

असंच एकेक. संडरलंडची व्हॉक्स १९९९ ला गेली, मँचेस्टरची बॉडिंग्टन्सची स्ट्रेंजवेज ब्रुअरी २००५ ला, आणि १८२२ पासूनची टेटली २०११ च्या जूनमध्ये कार्ल्सबर्गनं बंद केली. मी तेव्हा परत आलो होतो, ऑफिसात बातमी वाचली आणि जेवणाचा डबा तसाच ठेवला. नावं विकत घेतलेली, त्यामुळं नावं जिवंत. लेबल तेच, पाणी दुसऱ्या गावचं. पाण्याला काय होतंय म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरचा गूळ दुसरीकडं करून बघावा.

सगळं खापर कंपन्यांवर फोडणं पण मला पटत नाही. शनिवारी रात्री पोरं गार लागरच, म्हणजे आपल्याकडच्या बाटलीसारखी पिवळी बिअर, मागायची, मीसुद्धा. बिटर म्हणजे म्हाताऱ्यांचं पेय. मोठ्या ब्रुअऱ्यांचे पब फक्त त्यांचीच बिअर विकायला बांधलेले असायचे. सरकारनं १९८९ ला नियम केला की २००० च्या वर जेवढे पब असतील त्यातले निम्मे तरी मोकळे करावेत, हेतू चांगला, पण ते पब जाऊन पडले ते पबांच्याच मोठ्या कंपन्यांच्या खिशात. आणि ते जुने पब काय सगळे देवळं नव्हते. २००७ च्या सिगारेटबंदीपर्यंत आत धूर इतका की स्वेटर गॅलरीत टांगावा लागायचा. काही पबात मी शिरलो की गप्पा थांबायच्या, एकात तर मालकानं दहा मिनिटं माझ्याकडं बघितलंच नाही, मी सुट्टे पैसे मोजत उभा. तिथून निघालो आणि आमच्या आजीच्या पबात आलो, मालकिणीनं काही न विचारता दांडा ओढायला घेतला.

२००६ ला परत यायच्या आदल्या रात्री पावणेअकराला शेवटच्या ऑर्डरची घंटा झाली तेव्हा तिनं पेपरात गुंडाळून एक ग्लास दिला. टेटलीचा, वर लाल कोटातला, एका डोळ्यावर चष्मा लावलेला शिकारी. अठरा वर्षं कपाटात होता. मागच्या महिन्यात बघतो तर बायकोनं त्यात मनी प्लांट लावून खिडकीत ठेवलेला. काही बोललो नाही, मनी प्लांट काढून जॅमच्या बरणीत लावला आणि ग्लास धुवायला घेतला. शिकाऱ्याचा कोट निम्मा गेलाय. भांडीवाल्या मावशींची तारेची घासणी असणार.